विहिणीची बरगडी

पोरीच्या लग्नात मी माझ्या विहिणीची बरगडी मोडली, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. हे ऐकून लोक आधी हसतात, मग माझ्या तोंडाकडे बघतात आणि विचारतात, "काहून? भांडण झालं का?" झालं ना, भांडण चांगलंच झालं. पण विहिणीशी नाही, बाकी सगळ्या मांडवाशी झालं.

आधी मी कोण ते सांगते. अमरावतीच्या बाहेर आमचं चार एकर वावर आहे. वांगी, पालक, मेथी आणि सांभार. सांभार म्हणजे तुमची पुण्या-मुंबईची कोथिंबीर. पिकवतात आमचे हे, विकते मी. वीस वर्षं बाजारात बसून माझा आवाज असा झालाय की मी "चहा घ्या" म्हटलं तरी पाहुण्याला वाटतं, बाई चिडली. लग्न ठरल्यापासून पोरगी रोज बजावायची, "आई, माह्या सासरच्यांसमोर जरा हळू बोलजो." मी म्हणायचे, "हाव बापा, बोलीन हळू." आणि हे "हळू"सुद्धा शेजारच्या घरी ऐकू जायचं.

सासर अकोल्याचं. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे घर, आणि गावाकडं कपाशी-तुरीची जमीन. माणसं चांगली. आमच्याकडे विहिणीला ईन म्हणतात. तर ही माझी ईन माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी, अंगानं भरलेली, हसरी, आणि खोड्या काढण्यात माझ्याहून दीडपट. साखरपुड्याला तिनं मला पुरणपोळीचा घास भरवला. मी भोळेपणानं मोठा 'आ' केला. आत पुरणाच्या जागी हिरव्या मिरचीचा ठेचा! माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि अकोल्याच्या बाया पोट धरून हसताहेत. मीही हसले. पण मनात म्हटलं, थांब बाई, लगीन आमच्या दारात आहे.

लग्न लागलं की नवरदेवाच्या आईची मानाची पंगत बसते. पाटाभोवती रांगोळी, समोर चांदीचं ताट, आणि पोरीकडच्या बाया एकेक घास भरवतात, चिडवायची गाणी म्हणतात. ईनबाईनं मध्येच रुसायचं असतं. तो तिचा हक्कच. रुसली की पोरीच्या आईनं तिचे पाय धुवायचे, लुगडं द्यायचं, हातापाया पडायचं, मग ती हसते आणि पंगत पुढं चालते. ईन रुसली नाही तर बायांना लग्न अळणी वाटतं. सगळ्या टपूनच बसलेल्या असतात, आता रुसते, मग रुसते.

मी आदल्या दिवशी आचाऱ्याला सांगून ठेवलं होतं, "दादा, बुंदीचे लाडू लिंबाएवढे कर. पण एक मले संत्र्याएवढा पाहिजे. घट्ट वळजो." आचारी हसला. त्याला कळलं कोणासाठी ते.

दुपारी एकच्या सुमाराला पंगत बसली. मांडवात पंखे घरघरताहेत, पोरं मोबाइल धरून उभी, आणि बायांनी गाणं धरलं होतं, "ईनबाईचं तोंड कुलपाचं, चावी कोठी ठेवली वो". मी तो लाडू घेऊन पुढं झाले. ईनबाई डोळे विस्फारून म्हणाली, "आवो, अर्धा! अर्धा द्या!" मागून सगळ्या ओरडल्या, "पुरा! पुरा!" आणि मी, मूर्ख बाई, लाडू तिच्या तोंडात कोंबला आणि वरून तळहातानं दाबलासुद्धा. ठेच्याचा सूड होता ना. ती हसत होती. हसता हसताच तिनं श्वास आत ओढला असणार.

एकदम तिनं हात वर केला आणि तोंड फिरवलं.

"रुसली वो, रुसली!" मांडवात एकच कल्ला झाला. जावयाची आत्या, म्हणजे ईनबाईची मोठी नणंद, मागून गरजली, "धुवा पाय! द्या लुगडं!" माझी जाऊ ताम्हण घेऊन धावत आली. मी खाली बसले, ईनबाईचा पाय हातात घेतला, तांब्यातलं पाणी घातलं. गाणं वरच्या पट्टीत गेलं होतं. आणि माझ्या हातातल्या पायाला असा झटका बसला, की मी मान वर करून पाहिलं.

तिचे डोळे बाहेर आले होते. दोन्ही हात गळ्याशी. तोंड उघडं, पण त्यातून आवाज म्हणून नाही. ठसका लागलेला माणूस खोकतो, खाकरतो, मांडव डोक्यावर घेतो. ही गप्प होती. ओठ जांभळे पडायला लागले होते.

"ईनबाई, बोलता येते का?" मी विचारलं. तिनं नुसती मान हलवली.

लग्नाच्या वर्षभर आधी आमच्या बचत गटाला आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं एक दिवस शिकवलं होतं, घशात घास अडकला तर काय करायचं. खरं सांगते, मी पोह्यांसाठी गेले होते. आम्ही एकमेकींच्या पाठीत धपाटे घालून इतक्या हसलो की सिस्टर चिडली. "हसा," म्हणाली, "ज्या दिवशी गरज पडन त्या दिवशी आठवन." आणि आठवलं, देवा शपथ, जसंच्या तसं आठवलं. बोलता येत नाही, खोकता येत नाही, म्हणजे हवा बंद. पाच पाठीत, पाच पोटात, आणि पुन्हा तेच, घास निघेपर्यंत.

मी उठले, तिला पुढं वाकवलं आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध मनगटाजवळच्या तळहातानं दिला एक रट्टा. दुसरा. तिसरा. बाया आणखी हसायला लागल्या! त्यांना वाटलं, ईन-ईन धपाटे खेळताहेत. एक पोरगं तर ओरडलं, "मामी, जोरात!" पाच झाले, काही नाही. मग मी मागं गेले, तिच्या पोटाला मिठी मारली. माझे हात कसेबसे पोचले. बेंबीच्या वर मूठ धरून आत आणि वर खेचलं. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या वेळी तिची मान माझ्या खांद्यावर पडली आणि तिचं सगळं वजन माझ्या हातांत आलं. गाणं तेव्हा कुठं थांबलं.

ही बाई माझ्या हातानं मेली. हा एकच विचार मनात आला. दुसऱ्याच क्षणी राग आला. कोणावर, ते माहीत नाही. पण त्या रागानंच मला उभं ठेवलं.

मी तिला जमिनीवर उताणी निजवली. तोवर आत्या ओरडत होती, "फिट आली! कांदा फोडा! चप्पल सुंघवा!" कोणीतरी खरंच पायातली चप्पल काढून आणली. दुसरी बाई पेला घेऊन तिच्या तोंडात पाणी घालायला वाकली. तिच्या हातावर मी अशी चापट मारली की पेला रांगोळीत जाऊन पडला. "पानी घालू नोका! मारता का तिले?" आणि जावयाला म्हटलं, "एकशे आठले फोन लाव. आत्ताच." पोरगं मुंडावळ्या बांधलेलंच होतं, तसंच फोन लावायला लागलं.

मी छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवले आणि दाबायला लागले. सिस्टर म्हणाली होती, घाबरून हळू दाबाल तर काही उपयोग नाही. मी आयुष्यात काहीच हळू केलेलं नाही. दहा-पंधरा वेळा दाबलं असेल, आणि हाताखाली कट्ट झालं. जावई रडत ओरडला, "मामी, काहीतरी मोडलं!"

"मोडू दे!" मी म्हटलं आणि दाबतच राहिले.

तीसेक दाब झाल्यावर तोंड उघडून पाहिलं. जिभेच्या मागं पिवळा गोळा दिसत होता. सिस्टरनं बजावलं होतं, दिसलं तरच बोट घालायचं, आंधळेपणानं चाचपायचं नाही, नाहीतर आणखी आत जातं. दिसत होता, म्हणून बोटानं ओढून काढला. पुन्हा दाबायला हात ठेवले, तोच तिच्या घशातून घर्र असा आवाज आला. मग छाती वर झाली. मग ती खोकली. त्या खोकल्याएवढा गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. एका कुशीवर वळवली, तिनं डोळे उघडले, आणि मी तिथंच तिच्या पाठीवर डोकं टेकवून ढसाढसा रडले.

मांडवात टाळ्या वाजल्या. अहो, खरंच टाळ्या! आत्यानं हात जोडले, "मारोतीची किरपा!" कोणीतरी बँडवाल्याला खूण केली. आणि पाच मिनिटांत सगळे म्हणायला लागले, "चला, झालं गेलं. जेवण थंड होऊन राहिलं."

म्हणजे दोन मिनिटं श्वास बंद असलेली बाई, आणि यांना वरणाची पडलेली.

ईनबाईला आम्ही नवरीच्या खोलीत नेऊन टेकवून बसवलं. ती बसली होती, माणसं ओळखत होती, मान हलवून "ठीक हाय" म्हणत होती. पण मला सिस्टरचं शेवटचं वाक्य आठवत होतं. आम्ही सतरंज्या गुंडाळत होतो तेव्हा ती दारातून म्हणाली होती, "अन् एक ध्यानात ठेवा. घास अडकून जो बेशुद्ध पडला, तो उठून नाचला तरी दवाखान्यात न्यायचा. आतमध्ये काय राहिलं ते बाहेरून दिसत नाही." मी म्हटलं, "ईनबाईले दवाखान्यात न्यायचं हाय."

आत्यानं माझ्याकडे अशी नजर टाकली की पालक सुकावा. "लगीन लागून घंटा नाही झाला, अन् सासू दवाखान्यात? लोक काय म्हनतीन? नवरीचा पायगुनच..." पुढचं तिनं गिळलं. पण गिळलेलंच जास्त ऐकू येतं. पोरगी तिथंच उभी होती, शालूत, हातभर चुडा. तिचा चेहरा उतरला. आमच्याकडे हा शिक्का एकदा बसला की बसला. घरात बैल मेला, गारपीट झाली, जावयाचं काही बिनसलं, सगळं त्या पोरीच्या पायावर. जन्मभर.

आमच्या ह्यांनी मला दाराआड ओढलं. हा माणूस एरवी माझ्यासमोर तोंड उघडत नाही. म्हणाले, "आवं, ते म्हनून राहिले ठीक हाय, तं राहू दे ना. आपल्याच पोरीचं वाटोळं काहून करतं? उद्या अकोल्यात दाखवतीन ते."

खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं मलाही त्यांचं पटलं. एका पारड्यात विहिणीचा जीव, दुसऱ्यात पोरीचं नाव. आणि विहीण तर समोर बसून श्वास घेत होती. उद्या म्हणजे काय, पंधरा-वीस तासांचा तर प्रश्न. मी आई आहे. मन पोरीकडेच वळलं. मग खोलीतून खोकला ऐकू आला. कोरडा, बारीक, थांबून थांबून येणारा. मी आत गेले.

ईनबाईनं पदर तोंडाला घट्ट धरला होता. शुद्धीवर आल्यापासून तिनं तो काढलाच नव्हता. सगळ्यांना वाटलं, लाजली असेल. मी जवळ बसले तेव्हा तिच्या श्वासात एक बारीक शिट्टी ऐकू आली, जी ती शुद्धीवर आली तेव्हा नव्हती. तिनं बाकीच्यांना हातानंच बाहेर घालवलं आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "ईनबाई, कोनाले सांगू नोका. माहा दात पडला. पाटाखाली असन. पाहून द्याल?"

"कोणता दात?"

तिनं पदर काढला. पुढचा वरचा दात गायब. खोटा होता. लग्नाच्या फोटोसाठी महिनाभर आधी बसवला होता, तारेवर अडकवायचा, काढता-घालता येणारा. अकोल्यात कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला माहीत, आणि आता मला.

मी गेले. पाट उचलला, रांगोळी चाळली, ताटाखाली पाहिलं, ताम्हणातलं पाणी हातानं ढवळलं. तो लाडवाचा गोळा कोणीतरी पत्रावळीत टाकला होता, तो उचलून बोटांनी कुस्करला. बाया नाकाला पदर लावून बघत होत्या. बुंदी, काजू, वेलदोडा. दात नव्हता. आणि हात बुंदीनं बरबटलेले, मी तिथंच बसल्या बसल्या गार पडले. दात खाली नाही, म्हणजे दात आत आहे. तिच्या छातीतली शिट्टी तोच वाजवतोय.

मी परत खोलीत गेले आणि तिला सरळ सांगितलं, "ईनबाई, दात पाटाखाली नाही. तुमच्या आंगात हाय."

ती घाबरली. खूप घाबरली. माझा हात धरला. तरी म्हणाली काय, ऐका. "उद्या जातो मी गपचूप. आज नाही. आज गेली तं माह्या सुनेले नावं ठेवतीन. आमची ननंद काय म्हनाली ते ऐकलं मी. नवीन पोरगी हाय, जलमभर ऐकन ती."

मी आईपणाच्या नावाखाली जे मनात आणलं होतं, तेच ही बाई मरणाच्या दारात बसून माझ्या पोरीसाठी करत होती. मला माझीच लाज वाटली. आणि लाज वाटली की माझा आवाज चढतो. "तुमी जित्त्या राहाल तं तिचा पायगुन चांगला," मी म्हटलं. "तुमाले काही झालं तं तिचं नाव काय राहीन, सांगा? उठा!"

तेवढ्यात बाहेर अ‍ॅम्ब्युलन्सचा भोंगा वाजला. मी धावत मांडवाबाहेर आले तर आत्या गाडीवाल्याला हात जोडून सांगत होती, "कोनीच बिमार नाही भाऊ, गलतीनं फोन लागला. जा तुमी." आणि तो गाडी मागं घ्यायला लागला होता.

मी गाडीच्या मागं जाऊन उभी राहिले. हिरवी पैठणी, नाकात नथ, हाताला बुंदी. म्हटलं, "हालव गाडी. माह्या आंगावरून हालव." गाडीवाल्यानं ब्रेक दाबला. मांडव अर्धा बाहेर आला. आत्या म्हणाली, "काय तमाशा लावला वो? मानूस जित्तं हाय, चालतं, बोलतं!" मी म्हटलं, "जित्तं हाय म्हनूनच न्यायचं हाय! मेल्यावर दवाखान्यात कोन नेते?" आमचे हे मान खाली घालून उभे. व्याही कोणाकडं बघावं ते न कळून टोपी काढून डोकं खाजवत होते.

तेव्हा माझी पोरगी पुढं आली. जी मला हळू बोल म्हणायची, तीच मांडवभर ऐकू जाईल अशी बोलली. "आत्याबाई, माह्या पायाचं मी पाहीन. आईले नेऊ द्या." आई म्हणजे सासूला म्हणाली ती. आणि तिनं आत जाऊन ईनबाईला हाताला धरून आणलं. पैंजण वाजवत नवरी अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढली, मागून मुंडावळ्या सांभाळत नवरदेव, आणि शेवटी मी. मांडवात पाहुणे राहिले आणि वरण राहिलं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्या पोरीच्याच वयाची. तिनं पहिला प्रश्न विचारला, "बेशुद्ध झाल्या होत्या का?" मी हो म्हटलं. "किती वेळ? कोणी पोट दाबलं? छाती दाबली?" मी हात वर केला, शाळेत करतात तसा. तिनं कानाला नळी लावून दोन्ही बाजू ऐकल्या, उजवीकडे जास्त वेळ थांबली. बोटाला चिमटा लावून आकडा पाहिला आणि नाकाला ऑक्सिजन लावला. मग एक्स-रे. फोटोत उजव्या फुप्फुसाकडं जाणाऱ्या नळीत एक पांढरी वाकडी तार स्पष्ट दिसत होती, आणि खाली एका बरगडीला बारीक तडा.

"बरगडी माह्यानं मोडली," मी म्हटलं.

"चांगलं केलंत," डॉक्टरीण म्हणाली. "बरगडी जुळते. माणूस गेला तर जुळत नाही." त्या पोरीला मी तिथंच मिठी मारणार होते, पण हात अजून चिकट होते.

तिनं आम्हाला नीट समजावलं, आणि मी ते आजपर्यंत शंभर जणांना सांगितलं असेल. घशातला घास निघाला, माणूस बोलायला लागला, म्हणजे संपलं असं नाही. बेशुद्ध पडला असेल तर त्याच दिवशी तपासायचंच, कारण तेवढा वेळ मेंदूला हवा मिळालेली नसते. पोटाला, छातीला दाब दिला असेल तर आत इजा झालेली असू शकते, म्हणून तेही तपासायचं. आणि बेशुद्ध पडला नसला तरी नंतर खोकला थांबत नाही, श्वासात शिट्टी वाजते, गिळताना दुखतं, आवाज बसतो, दम लागतो, दोन-चार दिवसांनी ताप येतो, यातलं काहीही झालं तर वाट बघायची नाही. मी विचारलं, "उद्यापर्यंत थांबलो असतो तर?" ती म्हणाली, "तार सरकली असती, सूज आली असती, मागं पू धरला असता. काय काय झालं असतं ते विचारू नका. आज आलात ना." आमचे हे तोवर मागून रिक्षानं पोचले होते. ते ऐकलं आणि भिंतीला टेकून खालीच बसले.

संध्याकाळी भूल देऊन, तोंडातून दुर्बीण घालून त्यांनी दात काढला. एका छोट्या डबीत घालून आणून दाखवला. पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात मी जेवढे देव आठवले तेवढे सगळे कामाला लावले. ईनबाई शुद्धीवर आली तेव्हा छातीला पट्टा, घसा सुजलेला, पण श्वास स्वच्छ. शिट्टी गेली होती. ती खुणेनं मला जवळ बोलावून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ठेच्याचं इतकं लागलं होतं का वो तुमाले?" मी हसले आणि रडले, दोन्ही एकदमच.

त्या लग्नाचा व्हिडिओ आहे. मी तो पुरा एकदाच पाहिला. त्यात ती गळा धरून बसली आहे आणि आम्ही सगळ्या गातोय. मी तिचे पाय धुतेय. आवाज आहे तो फक्त आमचा. घास अडकलेल्या माणसाला आवाज नसतो, हे मी त्यातला तेवढाच तुकडा लावून पोरीबाळींना दाखवते. त्यानंतर आमच्याकडच्या एकाही लग्नात मी ईनबाईच्या तोंडात कोणाला काही कोंबू दिलेलं नाही. हातात द्या, ती आपल्या हातानं खाईल. बाया नाराज होतात. होऊ देत.

दवाखान्यात तीन दिवस गेले. पोरगी तेवढे दिवस शालू बदलून साध्या साडीत सासूच्या उशाशीच होती. चौथ्या दिवशी सुट्टी मिळाली आणि आम्ही सगळे एकाच गाडीत अकोल्याला निघालो. पोरीचा गृहप्रवेश अजून व्हायचा होता. ईनबाईनं हट्टच धरला की मीही चलायचं. मोर्णेचा पूल ओलांडला तशी मी पोरीचा पदर सारखा करायला लागले. जीव वाचवला होता, ते झालं. पण नाव? ते मी पणाला लावून आले होते, आणि त्याचा निकाल आता या गल्लीत लागायचा होता.

गल्लीत बायांची ही गर्दी. दारात माप ठेवलेलं, आरतीचं ताट तयार. आत्याही होती. तिला मी वाईट म्हणत नाही, ती जे ऐकत आली तेच बोलत होती. ती पुढं झाली आणि हळूच ईनबाईला म्हणाली, पण गल्लीत हळू असं काही नसतं, सगळ्यांनी ऐकलं, "वैनी, पोरीले मागच्या दारानं घ्या. लगीन लागलं अन् इतकं मोठं गंडांतर आलं. समोरून नोको."

माझ्या पोरीनं मान खाली घातली. मी तोंड उघडलं होतं, आता काय बोलले असते ते देवच जाणे. पण ईनबाईनं माझा हात दाबला. डॉक्टरिणीनं तिला आठवडाभर जास्त बोलू नका म्हणून सांगितलं होतं. तिचा घसा अजून घोगरा होता, पुढचा दात नव्हता, आणि तिनं तोंडावर पदर घेतला नाही.

"मागच्या दारानं?" ती म्हणाली. "मंग मले बी मागच्या दारानं न्या. दवाखान्यातून तं मी आली. हिच्या मायनं तुमच्या समद्याईशी भांडून माहा जीव आनला. गाडीच्या मागं उभी राहिली ते. ही पोरगी आपल्या घरी येनार नसती, तं तिची माय मांडवात नसती, अन् मी आज हार घालून भितीवर टांगली असती. हा पायगुन हाय हिचा. उघडा समोरचं दार. दोन्ही फळ्या उघडा."

आत्यानंच फळ्या उघडल्या. ईनबाईनं एका हातानं आपली छाती धरली, दुसऱ्या हातानं माझ्या पोरीचा हात धरला आणि म्हणाली, "चाल माय, तुह्या घरी." पोरगी माप ओलांडून आत गेली. मी त्या गल्लीच्या मधोमध उभी राहून मोठमोठ्यानं रडले, आणि कोण काय म्हणेल याची मला काडीची पर्वा नव्हती.